शुक्राचा व्यास पाठ, तरी पाचात एक

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

"मॅडम, मी पहिल्या वर्षाला आहे. मुख्य विषय इतिहास. ऐच्छिक म्हणून सूर्यमालेच्या खगोलशास्त्राचा प्राथमिक पेपर घेतला, कारण ग्रहताऱ्यांची आवड लहानपणापासून आहे आणि गणित फारसं नाही असं कळलं होतं. पहिल्या चाचणीसाठी सगळ्या ग्रहांचे व्यास, अंतरं, चंद्रांची संख्या, दिवसाची आणि वर्षाची लांबी असा अख्खा तक्ता पाठ केला. चाळीसपैकी चौदा मिळाले. 'बुध सूर्याला सर्वांत जवळ असूनही शुक्र त्याच्यापेक्षा जास्त तापलेला का?' या पाच मार्कांच्या प्रश्नाला मी शुक्राविषयी पानभर लिहिलं, एक मार्क मिळाला. केप्लरचा तिसरा नियम तोंडपाठ होता, पण गुरूचं उदाहरण सुटलं नाही. चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं लिहिलं तेही चूक निघालं, आणि का चूक ते अजून पटलेलं नाही. मोठे आकडे बघूनच छातीत धस्स होतं. आता पुढे वर्णपट आहे म्हणे. मैत्रीण सांगते, जुन्या प्रश्नपत्रिका घोट, पास होशील. पेपर बदलायला अजून दोन आठवडे आहेत. सोडून देऊ का? आणि नाही सोडला तर दुर्बीण घ्यावी लागेल का?"

पेपर सोडू नकोस. चंद्रकलांचं उत्तर चुकलं याहून ते का चुकलं हे पटत नाही, याचा तुला जास्त त्रास होतोय. असा त्रास होणारी मुलं या विषयात टिकतात, हे मी शिकवताना पाहिलं आहे. मात्र तक्ता पाठ करण्याची पद्धत तशीच चालू ठेवणार असशील, तर खुशाल बदल. दुसऱ्या चाचणीत चौदाचे फार तर सोळा होतील.

या पेपरची मांडणी जरा फसवी असते. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ अशी ओळीने प्रकरणं येतात आणि विद्यार्थ्याला वाटतं, एकेका ग्रहाची माहिती गोळा करायची आहे. शिकवणाऱ्याच्या मनात मात्र पहिल्या तासापासून दोनच प्रश्न घोळत असतात. हे सगळे एकाच सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीतून, साधारण एकाच सुमारास, सुमारे ४५७ कोटी वर्षांपूर्वी घडले, मग इतके वेगळे का निघाले? आणि आपण इथेच बसून आहोत, तर हे आपल्याला कळलं कसं? प्रश्नपत्रिकेतला जवळजवळ प्रत्येक मोठा प्रश्न या दोहोंपैकी एकाचं रूप असतो.

तक्त्याची आणखी एक अडचण म्हणजे तो शिळा होतो. शनीचे चंद्र किती, हे तू पाठ केलं असशील. मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि शनीचा आकडा २७४ वर गेला. जुनी पुस्तकं एका दिवसात चुकीची ठरली. पण समजा तुला ताजा आकडा माहीत आहे, तर त्यातून शनीविषयी काय कळलं? काहीच नाही. ते नवे चंद्र म्हणजे जेमतेम काही किलोमीटरांचे तुकडे आहेत, शनीपासून लांब, तिरक्या कक्षांत आणि बहुतांशी उलट्या दिशेने फिरणारे, हे कळलं की मात्र डोकं चालू लागतं. शनीबरोबर जन्मलेले असते तर ते त्याच्याच दिशेने फिरले असते. म्हणजे हे बाहेरून येऊन अडकलेल्या मोठ्या दगडांचे, टकरींत फुटलेले अवशेष असावेत. परीक्षक असं वाक्य शोधत असतो.

आता शुक्र. या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण अख्खा पेपर त्यात आहे. तू व्यास लिहिला असशील, तो स्वतःभोवती उलटा फिरतो आणि एका फेरीला २४३ दिवस घेतो हेही लिहिलं असशील. सगळे लिहितात. चूक त्यात काहीच नाही, पण विचारलं होतं ते तापमानाबद्दल.

सुरुवात अपेक्षेपासून करायची. सूर्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की मिळणारं ऊन चौथाई होतं. पृथ्वीचं अंतर १ धरलं तर बुध ०.३९ वर आहे आणि शुक्र ०.७२ वर. म्हणजे चौरस मीटरमागे बुधाला आपल्या साडेसहा पटींहून अधिक ऊन मिळतं, शुक्राला दुपटीला जरासं कमी. एवढ्यावर बुध सहज जिंकायला हवा. शिवाय शुक्राचे दाट पांढरे ढग आलेल्या उन्हापैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊन परत फेकतात. हिशेब पुरा केलास तर दिसेल की शुक्र पृथ्वीपेक्षाही कमी ऊन शोषतो. आणि तरीही त्याच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान आहे. दिवसा आणि रात्री, विषुववृत्तावर आणि ध्रुवांवर जवळपास सारखंच. बुधावर भर दुपारी ४३० अंशांपर्यंत पारा चढतो आणि रात्री उणे १८० पर्यंत उतरतो.

मिळकत कमी आणि शिल्लक जास्त, तर खर्च कुठेतरी अडलेला असणार. बुधाला वातावरण जवळपास नाहीच. दिवसा कमावलेली उष्णता रात्री सरळ अवकाशात निघून जाते. शुक्रावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट आहे आणि त्या हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. ढगांमधून झिरपलेलं थोडं ऊन जमीन तापवतं, पण तापलेल्या जमिनीतून निघणारी अवरक्त उष्णता त्या जाड थरातून सहजी सुटत नाही. हरितगृह परिणाम म्हणतात तो हाच. पृथ्वीवरही तो आहे आणि बरं झालं की आहे; नसता तर आपलं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. प्रत्यक्षात ते १५ च्या आसपास आहे.

पाच मार्क इथे पदरात पडले. पण या विषयाची गोडी इथून पुढे सुरू होते. मंगळाच्या हवेतही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि मंगळ गारठलेला आहे. पाठांतर करणाऱ्याला ९६ आणि ९५ हे दोन आकडे शेजारी दिसतात आणि तो पुढे जातो. "किती टक्के ते कळलं, पण एकूण किती?" असं विचारणाऱ्याला उत्तर सापडतं: मंगळावरचा हवेचा दाबच पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आहे. थर इतका विरळ की उष्णता अडवणार कोण?

बरं, शुक्रावर एवढा कार्बन डायऑक्साइड आला कुठून? गंमत अशी की पृथ्वीकडेही साधारण तेवढाच साठा आहे, पण तो हवेत नाही. पावसात विरघळून, समुद्रात उतरून तो चुनखडीसारख्या खडकांत बंद झाला. या कामाला पाणी लागतं. शुक्राने पाणी गमावलं. वाफ वर चढली, सूर्याच्या अतिनील किरणांनी तिचे रेणू फोडले आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटला. हे कशावरून म्हणायचं? हायड्रोजनचा एक जड प्रकार असतो, ड्यूटेरियम. तो जड असल्यामुळे त्याची सुटका कठीण असते. १९७८ मध्ये पायोनियर मोहिमेचं शोधक यान शुक्राच्या वातावरणातून खाली उतरलं, तेव्हा साध्या हायड्रोजनच्या तुलनेत ड्यूटेरियमचं प्रमाण पृथ्वीवरच्या प्रमाणाच्या शंभर पटींहून अधिक भरलं. हलकं ते उडून गेलं, जड ते मागे राहिलं.

तू इतिहासाची विद्यार्थिनी आहेस. पुराव्यावरून गेलेली गोष्ट उभी करणं तुला वर्गात रोज शिकवतात. इथेही तेच चालतं, फक्त बखरी आणि ताम्रपटांच्या जागी ड्यूटेरियम, अशनी आणि विवरं आहेत. शुक्राच्या तापमानाचीच कथा बघ. ढगांखाली कोणी पाहिलं नव्हतं, आणि ढगांचे वरचे थर थंड होते. १९५०च्या दशकात रेडिओ दुर्बिणींनी शुक्राकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजल्या, तर त्या शेकडो अंशांना तापलेल्या वस्तूच्या निघाल्या. त्या जमिनीकडून येतात की वरच्या हवेतून, यावर वाद झाला. १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने शेजारून जाताना मोजमाप घेतलं आणि पारडं तापलेल्या जमिनीच्या बाजूने झुकलं. १९७० मध्ये व्हेनेरा-७ प्रत्यक्ष उतरलं आणि तिथून तापमान कळवलं. परीक्षेत शेवटी दोन ओळी अशा लिहिता आल्या तर परीक्षकाचा हात सैल सुटतो.

आता केप्लर. तुझा गोंधळ बहुधा गणिताचा नसून एककांचा आहे. किलोमीटर आणि सेकंद बाजूला ठेव. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत घे, म्हणजे खगोलीय एककांत, आणि काळ वर्षांत. मग काळाचा वर्ग बरोबर अंतराचा घन, बाकी काही नाही. आधी सोपे आकडे घालून बघ. अंतर ४ असेल तर घन ६४, त्याचं वर्गमूळ ८, म्हणजे आठ वर्षं. अंतर ९ असेल तर घन ७२९, वर्गमूळ २७. शनी साडेनऊच्या आसपास आहे आणि त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, तेव्हा आपण भलतीकडे गेलेलो नाही. आता तुझा गुरू: ५.२ चा घन १४०.६, वर्गमूळ ११.९. झालं.

उत्तर आलं की पेन खाली ठेवू नकोस, आकड्याला काहीतरी विचार. गुरूची वाट आपल्यापेक्षा ५.२ पट लांब आहे, पण त्याला वेळ जवळजवळ बारापट लागतो. म्हणजे वाट लांब आहेच, शिवाय तो चालतोही हळू. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते, गुरू १३. लांबच्या ग्रहावर सूर्याची ओढ कमी, म्हणून वेग कमी. किंवा हॅलेचा धूमकेतू घे. तो साधारण ७६ वर्षांनी येतो. याआधी १९८६ मध्ये आला होता, पुढे २०६१ मध्ये येईल. ७६ चा वर्ग ५७७६, आणि १८ चा घन ५८३२. म्हणजे त्याचं सरासरी अंतर १८ च्या किंचित आत. कक्षेची पूर्ण लांबी त्याच्या दुप्पट, सुमारे ३६. सूर्याजवळ येताना तो ०.६ वर येतो, तर दुसरं टोक ३५ च्या पुढे. नेपच्यून ३० वर आहे. दर ७६ वर्षांनी येतो एवढ्या एका माहितीवरून आणि सूर्याजवळच्या एका अंतरावरून तू कागदावर हा धूमकेतू नेपच्यूनच्या पलीकडे जाऊन येतो हे काढलंस. दुर्बीण लागली नाही.

नियमामागची माणसंही ओळखून ठेव, तुझ्या मुख्य विषयाला शोभेल. टायको ब्राहेने दुर्बिणीचा शोध लागण्याआधी नुसत्या डोळ्यांनी ग्रहांच्या जागा वर्षानुवर्षं मोजल्या. १६०१ मध्ये तो गेला आणि नोंदी केप्लरच्या हाती आल्या. केप्लरने मंगळाची वर्तुळांवर आधारलेली कक्षा जुळवत आणली, पण काही ठिकाणी ८ कलांचा फरक उरत होता (इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). आठ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग. दुसरा कोणी मोजणीतली चूक म्हणून सोडून देता. टायको एवढा चुकणार नाही यावर केप्लरचा भरवसा होता, म्हणून त्याने वर्तुळच टाकून दिलं. लंबवर्तुळ आणि बदलता वेग १६०९ मध्ये छापून आले. तू अडखळलीस तो तिसरा नियम १६१९ चा. साधनाच्या विश्वासार्हतेवर निष्कर्ष ठरण्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

चंद्रकलांचं आता मिटवून टाकू. पृथ्वीची सावली कुठे पडते? सूर्याच्या नेमक्या उलट बाजूला. ती चंद्रावर पडायची तर चंद्रही सूर्याच्या उलट बाजूला हवा, म्हणजे पौर्णिमा हवी. मग अष्टमीच्या अर्ध्या चंद्रावर सावली कुठून येईल? शुक्ल अष्टमीच्या सुमारास दुपारी बाहेर जाऊन बघ. चंद्र दुपारच्या आसपास उगवतो, त्यामुळे तिसऱ्या प्रहरी सूर्य आणि अर्धा चंद्र दोघेही आकाशात असतात, एकमेकांपासून साधारण काटकोनात. पृथ्वी तुझ्या पायाखाली आहे. ती त्या दोघांच्या मध्ये कशी असेल? चंद्राची सूर्याकडची बाजू कायम उजळलेली असते, तिचा किती भाग आपल्याकडे वळलेला आहे त्याप्रमाणे कला दिसतात. पौर्णिमेला तरी दर महिन्याला ग्रहण का होत नाही, हा पुढचा प्रश्न हमखास येतो: चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक वेळा चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

याच जातीचा दुसरा गैरसमज ऋतूंचा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. एवढं लक्षात राहिलं तरी अंतराचं उत्तर तू लिहिणार नाहीस. बाकी काम २३.४ अंशांनी कललेला अक्ष करतो.

मोठ्या आकड्यांच्या धसक्यावर एक उपाय आहे, आणि तो आपल्या लाख-कोटीच्या मोजणीत फार सुबक बसतो. १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर धर. मग १ मीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर. सूर्य १४ सेंटिमीटरांचा झाला. पृथ्वी त्याच्यापासून १५ मीटरांवर, सव्वा मिलिमीटरचा ठिपका. चंद्र त्या ठिपक्यापासून पावणेचार सेंटिमीटरांवर. माणूस आजवर जास्तीत जास्त साधारण तेवढाच लांब गेला आहे. गुरू ७८ मीटरांवर, १४ मिलिमीटरांचा. नेपच्यून ४५० मीटरांवर. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, याच मापाने सुमारे ४,००० किलोमीटर दूर. एकदा मोकळ्या जागेत पावलं टाकत नेपच्यूनपर्यंत चालून ये. पुस्तकातल्या चित्रांत ग्रह एकमेकांना खेटून बसलेले असतात. त्या चित्रांनी जेवढं नुकसान केलं आहे तेवढं कुठल्याही अवघड सूत्राने केलेलं नाही, असं माझं मत.

अभ्यास करायचा तो असा. प्रत्येक नव्या गोलाबद्दल आधी फक्त दोन गोष्टी बघ, तो केवढा आहे आणि सूर्यापासून किती दूर. त्यावरून अंदाज लिही, पुस्तक मिटून. लहान गोल लवकर थंड होतो, कारण आतल्या उष्णतेच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो. शिवाय गुरुत्व कमी म्हणून हवा टिकत नाही. तेव्हा बुध आणि चंद्र विवरांनी भरलेले, मेलेले असणार. दूरच्या गोलात खडकाबरोबर बर्फही असणार, कारण तिथे घडताना पाणी गोठलेलंच होतं. आता पुस्तक उघड. अंदाज बरोबर आला तर त्या गोलाचं काही पाठ करावं लागत नाही. चुकला तर तिथेच बोट ठेव, परीक्षेत येणारा प्रश्न तो.

उदाहरणार्थ आयो, गुरूचा चंद्र. व्यास ३,६४० किलोमीटरच्या आसपास. आपला चंद्र ३,४७५ चा. आकाराने जवळपास जुळे. आकाराचा नियम म्हणतो, आयोही थंड असणार. प्रत्यक्षात सूर्यमालेत सर्वांत जास्त ज्वालामुखी तिथे धगधगतात. उष्णता आली कुठून? आयो, युरोपा आणि गॅनिमीड या गुरूच्या तीन चंद्रांच्या फेऱ्या एक-दोन-चार अशा प्रमाणात बांधलेल्या आहेत: आयोला पावणेदोन दिवस, युरोपाला साडेतीन, गॅनिमीडला सात. शेजारी ठरलेल्या वेळी ओढत राहतात, म्हणून आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही. तो गुरूच्या कधी जवळ, कधी जरा लांब असतो आणि गुरूची ओढ त्याला सतत चेपत-सोडत राहते. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तापते, तसा आयो आतून तापतो. तीन शास्त्रज्ञांनी हा हिशेब मांडून आयोवर ज्वालामुखी असू शकतील असं मार्च १९७९ च्या सुरुवातीला छापलं. त्याच आठवड्यात व्हॉयेजर-१ यान गुरूजवळून गेलं आणि छायाचित्रांत आयोच्या कडेवर ज्वालामुखीचा फवारा सापडला. भाकीत आधी आणि पुरावा नंतर, तेही इतक्या लगोलग, असं विज्ञानात क्वचितच घडतं. आणि हीच चेपाचेप युरोपाच्या बर्फाखाली समुद्र द्रवरूप ठेवते, असं मानण्याला भक्कम आधार आहे. आयो नीट कळला की युरोपा आणि शनीचा चंद्र एन्सेलेडस अर्धे कळून चुकतात.

मांडलेला नियम मोडतो, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अवाढव्य वायूचे ग्रह ताऱ्यापासून दूरच असायला हवेत असं सूर्यमालेवरून ठाम वाटत होतं. १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह सापडला, तो चार दिवसांत फेरी पूर्ण करतो. इतका जवळ. मग ग्रह जन्मल्यावर जागा बदलू शकतात, हा विचार गांभीर्याने घ्यावा लागला.

वर्णपट म्हणजे प्रकाश फाकून दिसणारा रंगांचा पट्टा. त्याला घाबरण्यासारखं काही नाही, उलट तुझा 'कसं कळलं' हा प्रश्न तिथे सर्वांत चांगला सुटतो. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगांचाच प्रकाश शोषतं किंवा सोडतं, त्यामुळे वर्णपटातल्या रेषा बघून त्याची ओळख पटते. १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटात अशी एक पिवळी रेषा दिसली जी कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना. त्या अनोळखी मूलद्रव्याला हेलियम म्हटलं गेलं, आणि ते पृथ्वीवर हाती लागलं १८९५ मध्ये. या प्रकरणात रेषा जागेवरून किती सरकली त्यावरून वेग, आणि चमक कोणत्या रंगात सर्वाधिक त्यावरून तापमान, एवढ्या दोन गोष्टी नीट समजून घे. बाकीचा तपशील त्यांच्यावर टांगलेला असतो.

विवरांचं प्रकरण मात्र मन लावून वाच. तिथे तुला वर्गातल्या भौतिकशास्त्राच्या मुलांपेक्षाही सोपं जाईल असा माझा अंदाज आहे. विवरं जास्त तर जमीन जुनी, कमी तर नवी, हा क्रम लावता येतो, पण सनावळी कळत नाही. ती मिळाली अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात आणलेल्या ३८२ किलो दगडमातीतून. त्या दगडांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढलं, ते दगड जिथले त्या भागातली विवरं मोजली, आणि मग तीच मोजपट्टी मंगळ आणि बुधाला लावली. एका जागी सापडलेल्या सनदेवरून भोवतालचा काळ ठरवण्यासारखं हे काम आहे, आणि त्यातल्या धोक्यांची तुला आधीच जाण आहे.

मैत्रिणीचा सल्ला अर्धा बरोबर. जुन्या प्रश्नपत्रिका घे, पण उत्तरं घोटायला नाही. प्रश्न वाचून वही मिटून पाच ओळी लिही आणि त्यात 'म्हणून' किंवा 'कारण' किती वेळा आलं ते बघ. एकदाही नसेल तर ते उत्तर नाही, तक्ता आहे. ग्रहांची सूर्यापासूनची अंतरं तेवढी पाठ ठेव, खगोलीय एककांत, कारण ती सगळीकडे लागतात. चंद्रांची संख्या विसरून जा.

दुर्बीण आत्ता घेऊ नकोस. स्वस्तातल्या हलत्या तिकाटण्याच्या दुर्बिणीने जेवढा उत्साह मारला जातो तेवढा कुठल्याही चाचणीने नाही. १०×५० ची किंवा ७×५० ची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, कोणाकडून उसनी मिळाली तर उत्तम. गुरू रात्री दिसत असेल त्या दिवसांत कठड्यावर किंवा भिंतीवर कोपरं टेकवून तिच्यातून बघ, हात हलता कामा नये. गुरूच्या दोन्ही बाजूंना, जवळपास एका रेषेत, दोन-तीन किंवा चार बारीक ठिपके दिसतील, ते त्याचे चंद्र. वहीत एक रेघ मारून त्यांच्या जागा काढ, शेजारी तारीख आणि वेळ लिही. दुसऱ्या रात्री पुन्हा, तिसऱ्या रात्री पुन्हा. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच केलं होतं. सर्वांत लांब जाणारा कॅलिस्टो सुमारे १७ दिवसांत फेरी पुरी करतो, त्याचा काळ तुझ्या नोंदींतून बऱ्यापैकी निघेल. आयो गुरूच्या झगमगाटात बरेचदा हरवतो. एखाद्या रात्री ठिपका कमी भरला तर तो गुरूच्या पुढे किंवा मागे असेल, किंवा सावलीत असेल. रेघेवर जागा रिकामी सोड आणि तसं लिहून ठेव. आणि ती द्विनेत्री दिवसा सूर्याच्या दिशेने कधीही वळवायची नाही, क्षणभरसुद्धा नाही.